नागपूरच्या नाग नदीची माती म्हणे फिल्टर!

फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत आलाय, या वेळी काकांकडून. 'नदीकाठची माती म्हणजे निसर्गाचा फिल्टर, वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, पहिल्या पुरात सगळी घाण धुऊन निघते, आरओ-बिरओ कंपन्यांचा धंदा आहे.' काका, राग मानू नका, पण हे काही पचलं नाही.

फिल्टरवाली गोष्ट अर्धी खरी आहे. कन्हान नदीच्या वाळूत झिरा म्हणजे खड्डा खणून पाणी पिणारे आपल्याच घरात होते, वाळूतून हळूहळू झिरपताना बरेच जंतू अडकतातही. पण वाळू वेगळी अन् आपली काळी चिकणमाती वेगळी. तिचा कण 2 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, विष्ठेतून पाण्यात येणारा ई. कोलाय जंतू साधारण 1-2 मायक्रॉन लांब, तो या कणांना चिकटून बसतो, आणि अडकला म्हणजे मेला असं थोडीच आहे! आत ओल, सडका पालापाचोळा, वर ऊन लागत नाही, मग तो तिथे आठवडेच्या आठवडे टिकतो, ऊब अन् खायला मिळालं तर वाढतोही. उघडी वाळू तापते, सुकते, तिथे लवकर मरतो. शिवाय मे महिन्यात हीच काळी माती अशी भेगाळते की हात आत जातो, मग पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून सरळ खाली, गाळणार काय डोंबल?

पूर घाण धुतो म्हणे. उलट आहे भाऊ. काठ ढासळतो, तळाचा गाळ ढवळतो, महिनोन्महिने साठलेले जंतू मातीवर बसून पाण्यात उतरतात आणि त्या गढूळपणात त्यांना मारणारं ऊनही पोचत नाही. बाटलीत मूठभर काळी माती टाकून हलवा, सकाळपर्यंत पाणी गढूळच राहतं की नाही बघा. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात नागपुरात अंबाझरी तलावाकडच्या लोकांच्या घरात जो चिखल शिरला तो काय फिल्टर झालेला होता?

वाहतं पाणी शुद्ध, तर उन्हाळ्यात नाग नदीत वाहतं ते बहुतेक सांडपाणीच, ते पुढे कन्हानला, मग वैनगंगेला आणि गोसेखुर्द धरणाला. घाण गेली कुठे, फक्त गाव बदललं.

आरओचं मात्र काकांचं थोडं पटतं, नुसत्या जंतूंसाठी तो लागतोच असं नाही. पिण्याच्या पाण्यात 100 मिलीत एकही ई. कोलाय नको, आणि त्याला खळखळून एक मिनिट उकळणं पुरतं. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळू देऊन गाळा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनही मातीवरच खर्ची पडतो.