अचूकता पुरेशी नाही

काय पाहावं, काय ऐकावं हे ॲप आपल्याला सुचवतात, त्या शिफारशींवरच्या तुमच्या लेखात त्यांची अचूकता हाच निकष धरलाय, तो मला अपुरा वाटतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये कोणाला कोणता चित्रपट किती आवडेल याचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, २००९ मध्ये दिलंही. पण जिंकलेली पूर्ण प्रणाली वापरात आणलीच नाही.

इथे कोथरूडला माझ्या आईच्या फोनवर तिच्या नातवाने बडबडगीतं लावली, तेव्हापासून तिचं गाण्यांचं ॲप नाट्यसंगीत सोडून तीच पुढे करतंय. हे का दाखवलं, ते कुठेच कळत नाही. जुनी नोंद पुसायचं बटण सेटिंगमध्ये पार आत, तेही इंग्रजीत. चुकलेला अंदाज वापरणाऱ्याला कोणाची मदत न घेता दुरुस्त करता येतो का, हे आधी तपासा. आणि चाचणीला हिंजवडीतल्या आयटीवाल्या पोरांबरोबर सत्तरीतली माणसंही बसवा.