इसब ‘अंगातल्या अ‍ॅसिडमुळे’ होत नाही

“इसब म्हणजे अंगात वाढलेलं अ‍ॅसिड कातडीवाटे बाहेर पडतं. लिंबू-ताक बंद करा, अल्कलाइन पाणी प्या, खाण्याचा सोडा घालून अंघोळ करा.” हा मजकूर गेल्या आठवड्यात कुणीतरी माझ्या भाचीला पाठवला. तिचं बाळ अडीच महिन्यांचं आहे आणि गालांवर इसब आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मुळात गोष्ट उलटी आहे. निरोगी त्वचेचा वरचा थर आम्लधर्मीच असतो, सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, 7 म्हणजे उदासीन) साधारण 4.5 ते 5.5. इसबाच्या चट्ट्यावर सामू वाढतो, म्हणजे तिथे आम्ल कमी पडतं. आणि त्वचेला ते हवंच असतं. पेशींच्या विटांमध्ये सिरॅमाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. तो तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लातच नीट चालतात. सामू चढला की ती मंदावतात, पेशींची पकड सोडवणारी विकरं मात्र जोर धरतात. भिंत ढिली पडते, ओलावा उडतो, खाज सुटते आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तिथे बस्तान बसवतो. तान्ह्या बाळाची त्वचा तर जन्मतः जवळपास उदासीन असते, आम्लता हळूहळू येते. तिच्यावर सोडा?

सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या वर जातो. या मापात एक आकडा म्हणजे दहापट फरक. पाचावरून आठवर म्हणजे हजारपट. खाज घटकाभर निवेलही, पण आधीच चढलेला सामू आणखी चढतो. साध्या साबणाचंही तेच, त्याचा सामू 9 ते 10.

अल्कलाइन पाण्याने काही होत नाही. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. काही मुलांना दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी खरोखर असते, पण ती त्यातल्या प्रथिनांची. आंबटपणाचा संबंध नाही. तपासल्याशिवाय मुलाचं ताट कापू नका.

मग लिंबू किंवा व्हिनेगर लावावं का? मुळीच नाही. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, फुटलेल्या कातडीला तो भाजतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 2019 च्या एका छोट्या अभ्यासात 22 जणांनी दोन आठवडे रोज दहा मिनिटं पातळ केलेल्या अ‍ॅपल सायडर व्हिनेगरमध्ये हात बुडवला. त्वचेची भिंत सुधारली नाही, बहुतेकांना चुरचुर मात्र झाली.

भाचीला मी एवढंच सांगितलं: कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांची अंघोळ, साबणाऐवजी कमी सामूचा सौम्य क्लेन्झर, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं तर सांगितलं तितके दिवस लाव, घाबरून मध्येच सोडू नकोस. चट्ट्यातून पाणी आलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखव.