चादर, गादी आणि सात रस्ता

पुण्याचा मेहुणा आला की सोलापूरकराला दोन गोष्टी चुकत नाहीत : शेंगाचटणी बांधून देणं आणि चादरी घेऊन देणं. चटणीनं आजवर कुणाचं कंबरडं मोडलेलं नाही. चादरी मात्र आठ निघाल्या. हमालाला वीस रुपये कशाला, म्हणून गठ्ठा मीच कमरेत वाकून उचलला.

आमच्याकडं संक्रांतीला माणसं उंचच उंच नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. मी आठ चादरींत आडवा.

दुसऱ्या दिवशी उजव्या कुल्ल्यातून कळ निघाली ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीत. शिंकलो की परत तीच वारी.

"लंगडायलास का बे?" चहाच्या टपरीवर चौकशी झाली. "वात हाय, लसणाचं तेल लाव." दुसऱ्यानं युरिक ॲसिड ठरवलं. तिसऱ्यानं कडक भाकरी बंद करायला सांगितली. त्याच्याशी मी आता बोलत नाही.

डॉक्टरांनी दुखणारा पाय सोडून आधी पाठच दाबली. मग उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर नेला. मी ओरडलो. "चाळीस अंश," त्यांनी कागदावर लिहिलं. चाळीस अंशांना ओरडणारा सोलापूरकर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय. कोंडी सात रस्ता चौकात, हॉर्न विजापूर रोडवर."

घरी हे सांगितलं. "गादीच ना?" बायको म्हणाली. "रविवारी दुपारी किती वेळ असता तिच्यावर!"

"एमआरआय करायचा?" मी डॉक्टरांना आशेनं विचारलं होतं. शेजाऱ्यांच्या दारामागं ती मोठी पिशवी टांगलेली असते. आमचं दार ओकंबोकं. "आत्ता नको. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिर झालं किंवा पाऊल उचलेना झालं, तर त्याच दिवशी या." मी गप्प. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज खिशात होता, तोही बाहेर काढता आला नाही, कारण पुढचं वाक्य आलं, "दोन दिवसांच्या वर लोळू नका. झेपेल तेवढं चाला."

फिजिओथेरपीच्या बाईंनी पालथं पाडून कोपरांवर छाती उचलायला लावली, दिवसातून चार वेळा. आठवड्यानं करंगळी गप्प झाली, पण कुल्ला जास्त ठणकायला लागला. मी घाबरून सांगितलं.

"अरे वा, छान!"

कळ पायातून कमरेकडं माघारी फिरली की ती सुधारणा असते म्हणे. कुल्ला ठणकतोय म्हणून कौतुक माझ्याच वाट्याला आलं.

सातव्या आठवड्यात उभ्यानं पँट घालता आली. त्याच संध्याकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, एक चादर सिंगल निघाली हो. बदलून मिळंल का? आणि शेजाऱ्यांना चार पाहिजेत."

हो म्हणालो. पण हमालाचे वीस रुपये आधी पाठवायला लावले.