हॅरीचा नियम सिनेमाच मोडतो

‘स्त्री आणि पुरुष नुसते मित्र राहूच शकत नाहीत, ‘व्हेन हॅरी मेट सॅली’नं हे कधीच सिद्ध केलंय.’ हा दावा रील्समधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून सतत फिरत असतो. त्याचे पुरावेही ठरलेले: हॅरी तसं स्पष्ट म्हणतो, आणि शेवटी दोघं लग्न करतात. १९८९चा हा सिनेमा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

हॅरी म्हणतो, हे खरं. पण कधी? १९७७ साली, नुकतंच कॉलेज संपवून शिकागोहून न्यूयॉर्कला जाताना, सॅलीच्या गाडीत बसून. पाच वर्षांनी विमानतळावर तो स्वतःच या नियमाला दुरुस्ती जोडतो आणि बोलता बोलता ती मागेही घेतो. आणखी काही वर्षांनी आपल्या मित्राला, जेसला सांगतो, की शरीरसंबंध नसलेलं नातं एखाद्या बाईशी आपलं पहिल्यांदाच जुळलंय, आपण मोठे होतोय. पसरवणारे हे वाक्य कधीच घेत नाहीत. शिवाय हॅरी ठासून बोलतो ते सगळं खरं, असं हा सिनेमा कुठे मानतो? बायकांचं सुख आपल्याला बरोबर ओळखता येतं, अशी त्याची खात्री असते, आणि कॅट्झ डेली या न्यूयॉर्कच्या हॉटेलात, भर गर्दीत, ते सुख खोटं खोटं वठवून सॅली ती धुळीला मिळवते. (शेजारच्या टेबलावरून ‘तिनं जे घेतलंय, तेच मला द्या’ हे गाजलेलं वाक्य म्हणणाऱ्या बाई म्हणजे दिग्दर्शक रॉब रायनरच्या आई, एस्टेल रायनर.)

लग्नाचा शेवट हा सिद्धान्ताचा पुरावा म्हणावा, तर तो मुळात ठरलेलाच नव्हता. पटकथाकार नोरा एफ्रॉनच्या आधीच्या मसुद्यात दोघं एकत्र येत नाहीत. घटस्फोटानंतर बरीच वर्षं एकटा राहिलेला रायनर पुढे त्याची बायको झालेल्या मिशेल सिंगरला भेटला आणि त्यानं शेवट बदलला. एका माणसाला प्रेम सापडलं, यावरून जगातल्या सगळ्या मैत्र्यांचा निकाल लागत नाही.

आता मधल्या भागाकडे या, कारण खरा सिनेमा तिथेच आहे. आपापल्या घरी, आपापल्या पलंगावर पडून ‘कासाब्लांका’ बघत ही दोघं फोनवर बोलतात. हॅरीचा घटस्फोट, सॅलीचा आधीचा प्रियकर जो, फसलेल्या डेट्स, सगळं एकमेकांना सांगतात. जो लग्न करतोय हे कळल्यावर रडणाऱ्या सॅलीजवळ हॅरी जातो आणि त्या रात्री मैत्री मोडते. आकर्षण मैत्रीच्या आड येऊ शकतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हॅरीचा दावा तेवढाच नव्हता. अशी मैत्री होऊच शकत नाही, असं तो म्हणत होता. झालेलीच नसती, तर मोडली काय?

नववर्षाच्या रात्री धावत येऊन तो काय सांगतो तेही नीट ऐका. बाहेर थंडी नसतानाही तिला थंडी वाजते, एक सँडविच मागवायला तिला दीड तास लागतो, झोपण्याआधी शेवटचं तिच्याशीच बोलावंसं वाटतं. यातलं काहीही पहिल्या नजरेच्या प्रेमातून कळणारं नाही. मित्र म्हणून बराच काळ सोबत राहिल्यावरच ते कळतं.

आणि शेवटी सोफ्यावर बसून आपली गोष्ट सांगताना ‘आम्ही मित्र झालो’ असं खुद्द हॅरीच म्हणतो, आणि ‘बराच काळ मित्र होतो’ ही पुस्ती सॅली जोडते.