चकलीचे वेढे कसे काढावेत

समजा, ठाण्याच्या नौपाड्यात तुमचं साठ-सत्तर वर्षांचं चकलीचं दुकान आहे. तुमच्या आजोबांनी आणि त्यांच्या तीन भावांनी आपापले वेगळे धंदे मोडून एकत्र चूल मांडली, म्हणून पाटीवर एकमेकींत अडकलेल्या चार चकल्या आहेत. त्याखाली बारीक अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं लिहिलेलं आहे. आणि आता तुमच्या मुलाला घोडबंदर रोडला शाखा काढायची आहे.

घाबरू नका. हा प्रश्न तुमच्या आधी मोठमोठ्यांना पडलेला आहे.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा, की घोडबंदर रोड हा परदेश आहे. नौपाड्यातल्या माणसाने संध्याकाळी सातनंतर कापूरबावडी ओलांडून पाहावी. पासपोर्ट तेवढा कोणी मागत नाही. प्रवासाला लागणारा वेळ, अंगाचं झालेलं भुसकट आणि उतरल्यावर आपण नक्की कुठे आलो हे न कळणं, सगळं तसंच. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ ही नावं फक्त बसच्या पाटीवर उरली आहेत. इमारतींची नावं इटलीतल्या गावांवरून ठेवलेली, वॉचमन हिंदीत हटकतो आणि लिफ्ट इंग्रजीत उत्तर देते. अशा मुलखात आजोबांची पाटी घेऊन जाल तर लोक तुम्हाला हळदीकुंकवाचं सामान कुठे मिळेल ते विचारतील.

तेव्हा जुनी खूण काढा, नाव ठेवा. ही माझी अक्कल नाही, ऑडी या जर्मन मोटार कंपनीची आहे.

7 नोव्हेंबर 2024 रोजी शांघायमध्ये ऑडीने चीनसाठी एक नवी गाडी दाखवली आणि तिच्या नाकावरून त्या सुप्रसिद्ध चार कड्या काढून टाकल्या. त्या जागी चार अक्षरं लावली, ए, यू, डी, आय, सगळी कॅपिटलमध्ये. गाडी विजेवरची, भागीदार शांघायचीच सैक कंपनी. खुलासा असा, की हा चीनमधल्या तरुण, तंत्रज्ञानात रमणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळा ब्रँड आहे आणि चार कड्यांच्या भावंडापासून तो वेगळा ओळखू यावा. म्हणजे एका ऑडीपासून दुसरी ऑडी वेगळी दिसावी म्हणून दुसरीवर मोठ्या अक्षरांत ‘ऑडी’ लिहिलं. हे वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, माझं तीनदा वाचून झालं आहे. अर्थ तोच राहतो.

आता त्या कड्या कुठून आल्या हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण मुलाला समजावताना उपयोगी पडेल. 29 जून 1932 रोजी, मंदीने सगळ्यांच्या नाकातोंडात पाणी गेलेलं असताना, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या चार मोटार कंपन्या एकत्र आल्या: ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वांडरर. एकत्र कंपनीचं नाव ऑटो युनियन, कचेरी केम्निट्झला. चार कंपन्या, चार कड्या. तुमच्या चार आजोबांसारखंच, फक्त त्यांच्यात दिवाळीला बोलणं बंद झालं होतं का ते कळायला मार्ग नाही.

त्यातही गंमत पाहा. हॉर्ख आणि ऑडी या दोन कड्या एकाच माणसाच्या. ऑगस्ट हॉर्ख यांनी 1899 मध्ये स्वतःच्या आडनावाने कंपनी काढली, 1909 मध्ये संचालकांशी भांडून बाहेर पडले आणि शेजारीच दुसरी काढली. जुन्या कंपनीने दावा ठोकला: हॉर्ख हे नाव आमचं, तुम्हाला वापरता येणार नाही. स्वतःचंच आडनाव गमावलेला तो गृहस्थ मित्राच्या घरी मंडळी जमवून नव्या नावाची चर्चा करत बसला. कोपऱ्यात मित्राचा मुलगा लॅटिनचा अभ्यास करत होता, त्याने सुचवलं: ‘हॉर्ख’ म्हणजे जर्मनमध्ये ‘ऐक’, लॅटिनमध्ये त्याचं ‘ऑडी’ होतं. झालं. एका शाळकरी पोराने गृहपाठ सोडून पाटी रंगवून दिली. तुम्ही मात्र डिझाइन एजन्सीला लाखांत पैसे मोजणार आहात, कारण तुमचा मुलगा पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होता आणि त्याला ‘भाजणी’ या शब्दाचं लॅटिन सोडा, मराठीही कळत नाही.

ज्या कंपनीच्या नावाचाच अर्थ ‘ऐक’, तिने बाजाराचं ऐकलं. यात वाईट काय? चीनमध्ये ऑडी 1988 पासून आहे, चांगचुनच्या एफएडब्ल्यू या चिनी मोटार कंपनीबरोबर. साहेब लोकांची काळी लांबलचक ऑडी ही तिथे एकेकाळी सरकारी रुबाबाची खूण होती. आता तिथल्या पोरांना घरच्याच कंपन्यांच्या विजेच्या गाड्या आवडतात, ज्यांना फोनसारखा पडदा असतो आणि ज्या बोलतात. वडिलांच्या साहेबाची गाडी कोण घेईल? तुमच्याकडेही हेच झालं आहे. चकली ही वस्तू ‘आजी करायची’ या वाक्याशी इतकी घट्ट चिकटली आहे, की आजी नसलेल्या माणसाला ती विकत घेताना अपराधी वाटतं.

म्हणून नव्या दुकानात चकलीचे वेढेच काढून टाका. सोऱ्यातून पीठ सरळ पाडायचं, गोल फिरवायचं नाही. वेढे काढलेल्या चकलीला ‘चकली स्टिक’ म्हणतात आणि ती दीडपट भावाने जाते. भाजणीला ‘मल्टिग्रेन’ म्हणा. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे एवढं वेगवेगळं भाजून दळलेलं पीठ मल्टिग्रेन नाही तर काय आहे? आजीला हा शब्द माहीत असता तर तिनेही भाव वाढवला असता.

पिठाचा विषय निघाला म्हणून सांगतो. नव्या शाखेत भाजणी तुमची असेलच असं नाही. भागीदार म्हणून जो येईल त्याचा मोठा कारखाना असेल, तळायची यंत्रं असतील आणि तो म्हणेल, पीठ आपण दोघं मिळून ठरवू. हो म्हणा. ऑडीनेही त्या गाडीचा विजेचा पाया सैकबरोबर मिळून केला आणि त्यामुळे गाडी तयार करायचा काळ 30 टक्क्यांहून जास्त वाचतो असं सांगितलं. तुमच्या घरी भाजणी तीन दिवस चालते, ती दोन दिवसांत होईल. आता कोणी खवचट म्हणेल, की पीठ पूर्ण आपलं नसलं की पाटीवर चकली काढायला हात धजत नाही, म्हणून ती पुसली. अशा माणसाला दुकानात उभं करू नका. मी तो माणूस आहे, पण मी येणार नाही, मला कापूरबावडी ओलांडायची नाही.

सैकबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. याच कंपनीकडे 2007 पासून एमजी हा मोटारींचा ब्रँड आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजमध्ये शंभर वर्षांपूर्वी जन्मलेलं नाव, त्याची ती अष्टकोनी खूण. सैकने ती खूण जिवापाड जपली आणि 2019 मध्ये भारतातही आणली. आता घोडबंदरच्या मेट्रोच्या खांबांमधून दर तिसरी गाडी अष्टकोनच दाखवत जाते, असं मला तरी सिग्नलला उभं राहून वाटतं. म्हणजे चिनी कंपनी परदेशात जाताना जुनी इंग्रजी खूण छातीला लावून जाते, आणि जर्मन कंपनी त्याच चिनी कंपनीच्या घरी जाताना स्वतःची जुनी खूण दारात चपलांबरोबर काढून ठेवते. दोघांचंही चालतं. यातून तुम्ही काय तो बोध घ्या, मला जमलेलं नाही.

बरं, ऑडी नावाखुणांच्या बाबतीत ढिली आहे असंही समजू नका. नियो नावाच्या चिनी कंपनीने युरोपात ईएस-6 आणि ईएस-8 नावाच्या गाड्या आणायचं ठरवलं, तेव्हा आमच्या एस-6 आणि एस-8शी गोंधळ होईल म्हणून ऑडी कोर्टात गेली आणि 2023 मध्ये म्युनिकच्या न्यायालयात जिंकलीही. एका ‘एस’साठी कोर्टाची पायरी चढणारे हे लोक. तेव्हा तुम्हीही एकीकडे शेजारच्या डब्यावर चकलीचं चित्र दिसलं की वकिलाची नोटीस पाठवत राहा आणि दुसरीकडे स्वतःच्या पाटीवरून चकली पुसा. दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरकली तर वकील सवलत देतो.

आपण स्वतः परदेश होतो तेव्हाचंही आठवतं का? कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट 1100 निघायची. तिचं 1972 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 मध्ये पद्मिनी. परदेशी नाव जाऊन थेट राणी आली. आणि ठाण्याच्या स्टेशनबाहेरचा माणूस शेवटपर्यंत तिला काय म्हणाला? फियाट.

इथे मला एक धोका दाखवून द्यायला हवा. ठाण्यात ऑडी घेणारा माणूस ऑडी घेतच नाही, तो चार कड्या घेतो. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, त्यांचं नाव कोणालाही माहीत नाही. वॉचमन त्यांना ‘चार कड़ेवाले साहब’ म्हणतो आणि गाडी कोपऱ्यावर दिसली की गेट उघडतो. (ऑलिंपिकच्या पाच आणि यांच्या चार कशा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पाचवी बँकेकडे तारण आहे. माणूस चांगला आहे.) त्यांच्या गाडीवर नुसती अक्षरं लावली तर वॉचमनला आधी वाचावं लागेल, तोवर गाडी गेटबाहेर उभी, आणि गेटबाहेर उभं राहायचं तर एवढे हप्ते कशाला भरायचे? तुमचंही तेच. गावदेवीहून येणाऱ्या काकू पाटी वाचत नाहीत. त्यांना चार चकल्या दिसतात आणि रिक्षा थांबते.

पण त्या घोडबंदरला येणार नाहीत, तेव्हा सोडा.

अक्षरांचं काय करायचं? चीनमधली युक्ती इथे तशीच्या तशी चालणार नाही. एकतर महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आणि दुसरं म्हणजे देवनागरीत कॅपिटल नाही. आपल्या लिपीला आवाज चढवता येत नाही. ‘चकली’ कितीही जोरात लिहा, ती ‘चकली’च राहते, फार तर पाटी लांब करावी लागते, आणि ती लांब केली की शेजारच्या पार्लरवाल्या बाई येतात.

नाव कसं वापरावं याची शिकवणी हवी असेल तर चीनला जायची गरज नाही. खाडी ओलांडून भिवंडीच्या बाजूला माणकोलीला जा. तिथे ‘अप्पर ठाणे’ नावाची नवी वसाहत आहे. ठाणे जिथल्या तिथे राहिलं, मासुंदा तलावाचं पाणीसुद्धा हललं नाही, नाव तेवढं पुढे गेलं. अप्पर म्हणजे कशाच्या वर, हे मी नकाशा उलटासुलटा धरून पाहिलं आहे.

आता घरच्या आघाडीकडे वळू, कारण खरी लढाई तिथेच आहे. चीनमध्ये एफएडब्ल्यूवाली चार कड्यांची ऑडी बंद झालेली नाही. एकाच देशात दोन ऑड्या विकल्या जातात, एक कड्यांची, एक अक्षरांची. अक्षरांची ई-5 स्पोर्टबॅक 2025 मध्ये बाजारातही आली. याला व्यवस्थापनाच्या भाषेत काय म्हणतात ते मुलगा सांगेल. मराठीत भाऊबंदकी म्हणतात. नौपाड्यातलं दुकान तुमचे चुलत भाऊ सांभाळणार, घोडबंदरचं तुमचा मुलगा, आणि दोघंही एकमेकांचा माल चाखणार नाहीत.

मग आत्या येतील. उद्घाटनाला सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसतील, पाटीकडे बराच वेळ बघतील आणि विचारतील, “काय रे, आपली चकली कुठे गेली?”

तुम्ही सांगायचं, “आत्या, हा वेगळा ब्रँड आहे.”

“वेगळा आहे, तर मग आपलं नाव कशाला लावलंस?”

यावर ताबडतोब चहा मागवा. बिनसाखरेचा.

राहता राहिली नौपाड्याच्या पाटीवरची खालची ओळ. मला वाटतं, तुम्हाला मुळात झोप लागत नव्हती ती हिच्यामुळेच. शाखा काढली की ती ओळ खोटी पडणार, पुसायची तर रंगारी बोलवायचा, आणि रंगारी आला की तो चारही चकल्यांवर हात फिरवून जाणार. पण आता बघा. घोडबंदरला चकली नाही, वेढे नाहीत, पीठ अर्धं दुसऱ्याचं, आणि आत्यांना तुम्ही स्वतःच सांगून बसला आहात की तो ब्रँड वेगळा आहे. नौपाड्यात कोणी काकूंनी विचारलं, की काय हो, तुमची तिकडे शाखा निघाली म्हणे, तर चुलत भावाने मान वर न करता नुसतं पाटीकडे बोट दाखवायचं.