‘एका पगारात सुखी अमेरिका’ : त्या फॉरवर्डचा हिशेब

दारात लांबलचक मोटार, फुलाफुलांचा एप्रन बांधलेली आई, टाय लावलेले बाबा आणि हसरी तीन मुलं. या रंगीत चित्राखालचा मजकूर बहुतेक मराठी ग्रुपांवर एकदा तरी फिरून गेला असेल. गोषवारा असा : १९५५ च्या अमेरिकेत एकटा बाप कमवायचा आणि त्यात घर, गाडी, मुलं सगळं भागायचं. सरकार कुणाच्या मध्ये येत नव्हतं, कर नावापुरते होते. बायका घरात होत्या आणि समाधानी होत्या. मुलांना कसली भीती म्हणून नव्हती. घटस्फोट कुणाला ठाऊक नव्हता. मग बायका बाहेर पडल्या, सरकार माजलं आणि सगळं बिघडलं. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा.’

आधी यात खरं आहे ते मान्य करू. १९४० मध्ये अमेरिकेतली साधारण ४४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, १९६० मध्ये ६२ टक्के. पगार वाढले, फ्रीज आणि टीव्ही कामगारांच्या घरी पोचले. ही भरभराट खोटी नव्हती. ती आली कुठून आणि कुणाच्या वाट्याला गेली, एवढंच तो मजकूर सांगत नाही.

‘एका पगारात घर व्हायचं.’ व्हायचं, पण कोणतं आणि कुणाचं? न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्यांच्या शेतांत १९४७ पासून लेविट कंपनीने लेविटटाउन बांधायला घेतलं. १९५१ पर्यंत तिथे १७ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. सुरुवातीचं घर ७५० चौरस फुटांचं, झोपायच्या दोन खोल्या, एक बाथरूम आणि वर अर्धवट सोडलेला माळा. म्हणजे पुण्यातला बेताचा टू-बीएचके. १९४९ चं नवं मॉडेल ७,९९० डॉलरला होतं, आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकाला ते हातात रोकड नसतानाही घेता येई, कारण १९४४ च्या सैनिकांसाठीच्या कायद्याने त्याच्या कर्जाची हमी सरकारने घेतली होती. हप्ते पंचवीस-तीस वर्षांचे. बँकेचे पैसे बुडाले तर भरून द्यायला वॉशिंग्टन बसलेलं. ‘एकट्याच्या कमाईचं घर’ म्हणतात त्यातला मोठा वाटा या हमीचा होता.

आणि ही हमी सगळ्यांना सारखी नव्हती. लेविटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत स्पष्ट कलम होतं, की गोऱ्यांखेरीज कुणी या घरात राहू नये, घरकामाला ठेवलेले नोकर सोडून. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असली कलमं कोर्टामार्फत लागू करता येणार नाहीत. कलम गेलं, कंपनीचा नकार गेला नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेविटटाउनमध्ये मायर्स नावाचं कृष्णवर्णीय कुटुंब पहिल्या मालकाकडून घर विकत घेऊन राहायला आलं. नवरा महायुद्धातला माजी सैनिक. दारासमोर रोज रात्री जमाव जमू लागला, दगडांनी खिडक्या फुटल्या, राज्य पोलीस आणावे लागले. मिसिसिपीतल्या १३ शहरांत १९४७ मध्ये केलेल्या पाहणीत सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली दोन.

हा मजकूर न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडूनही येतो, म्हणून एक आठवण. १९४६ च्या कायद्याने भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला मिळणारा वार्षिक कोटा होता १०० माणसांचा. अख्ख्या देशातून शंभर. ते दार नीट उघडलं १९६५ च्या कायद्याने, म्हणजे फॉरवर्डच्या मते सगळं बिघडायला लागलं त्याच सुमारास.

बाकीच्यांचं काय? १९५० च्या जनगणनेत सुमारे एक तृतीयांश घरांत पूर्ण नळव्यवस्था नव्हती, म्हणजे गरम पाणी, अंघोळीची सोय, फ्लशचा संडास यांतलं काहीतरी कमी होतं. सरकारची दारिद्र्याची अधिकृत आकडेवारी १९५९ पासूनची आहे. त्या वर्षी २२.४ टक्के अमेरिकन गरीब होते, आणि कृष्णवर्णीयांत निम्म्याहून जास्त.

फॉरवर्डमधलं चित्र मात्र ओळखीचं वाटतं. १९५९ च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकेने प्रदर्शन भरवलं. एक नमुन्याचं घर मधोमध चिरून त्यातून लोकांना चालायला वाट काढली होती, आणि त्याच प्रदर्शनातल्या पिवळ्याधमक स्वयंपाकघरापाशी २४ जुलैला उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांची जाहीर जुंपली. क्षेपणास्त्रांचा मुद्दा धुलाई यंत्रावर आला. निक्सन म्हणाले, की आमचा कुठलाही पोलाद कामगार हे घर घेऊ शकतो, त्याला तासाला तीन डॉलर मिळतात आणि घराचा हप्ता महिन्याला शंभरेक डॉलर. त्याच दमात त्यांना हेही म्हणावं लागलं, की हे कामगार सध्या संपावर आहेत. खरंच होतं. १५ जुलैपासून सुमारे पाच लाख पोलाद कामगार बाहेर होते, आणि संप ११६ दिवस चालला. ते तीन डॉलर मालकांच्या मायेने आलेले नव्हते. त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतला साधारण दर तिसरा कामगार युनियनमध्ये होता. ‘एका पगाराचं’ गुणगान करताना हा एक शब्द बरोबर गळतो.

म्हणजे ते हसरं कुटुंब निदान काही अंशी शीतयुद्धातला प्रचाराचा माल होतं. रशियनांना दाखवायला काढलेलं चित्र आपण घरगुती अल्बममधला फोटो समजून पुढे पाठवतोय.

‘सरकार मध्ये येत नव्हतं, कर नव्हते.’ हा मुद्दा लवकर संपतो. आयकराचा सर्वांत वरचा दर त्या दशकात बहुतेक काळ ९१ टक्के होता. पळवाटा भरपूर होत्या, त्यामुळे पूर्ण ९१ भरणारे थोडे, पण ‘नावापुरते कर’ म्हणायला वेगळंच धाडस लागतं. राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण दहावा हिस्सा संरक्षणावर जात होता, आणि कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यांतले पगार त्यातूनच होत होते. उपनगरांतून शहरात नेणारे महामार्ग १९५६ च्या कायद्याचे : ४१ हजार मैल, ९० टक्के खर्च केंद्राचा, आणि अधिकृत नावातच ‘संरक्षण’ हा शब्द. मध्ये न येण्याबद्दल बोलायचं तर १९४७ पासून सरकारी नोकरांची निष्ठा-तपासणी सुरू झाली, म्हणजे कुणी कम्युनिस्ट तर नाही ना, याची चौकशी. १९५३ च्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशानंतर समलिंगी असल्याच्या संशयावरूनही माणसं नोकरीतून काढली गेली.

‘बायका घरात आणि समाधानी.’ नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण १९५० मध्ये साधारण चौथा हिस्सा होतं, १९६० मध्ये ते तीस टक्क्यांवर गेलं. म्हणजे ‘बाहेर पडणं’ त्याच सोनेरी दशकात चालू होतं, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्या मोटारीच्या नाहीतर फ्रीजच्या हप्त्यासाठी. वर्तमानपत्रांत नोकऱ्यांच्या जाहिराती पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या साधारण साठ टक्के पगार. कर्ज मागायला गेली की नवऱ्याची सही आणा. त्याला कायद्याने आळा बसला १९७४ मध्ये. समाधान मोजायची पट्टी माझ्याकडे नाही, पण १९५५ मध्ये ‘मिलटाउन’ नावाची मन शांत करणारी गोळी बाजारात आली आणि दुकानदारांना माल पुरेना. ती फक्त गृहिणी घेत होत्या असं मात्र समजू नका. टाय लावलेले बाबाही घेत होते.

आता ‘मुलांना भीती नव्हती.’ इथे माझा संयम सुटतो.

१९५१ पासून शाळांमधून अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली शिरून डोकं झाकायचा सराव चालू झाला, आणि तो शिकवायला सरकारने बर्ट नावाचं कार्टून कासव काढलं. न्यूयॉर्कमध्ये १९५२ मध्ये शाळकरी मुलांना सैनिकांसारखे नावाचे बिल्ले वाटले, स्फोटानंतर ओळख पटावी म्हणून. त्याच वर्षी पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले, तीन हजारांहून जास्त दगावले. पोहण्याचे तलाव बंद, सिनेमाला जाणं बंद. लस आली १९५५ मध्ये. नागरी संरक्षण खात्याने गृहिणींना ‘आजीची कोठी’ भरून ठेवायला सांगितलं : हल्ला झालाच तर सात दिवस पुरेल एवढे डबे आणि पाणी. हसऱ्या आईच्या मागच्या फडताळात हेही होतं.

आणि दूध. वातावरणात केलेल्या अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य पावसाबरोबर गवतावर उतरत होतं, गवतातून गाईत, गाईतून दुधात. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत, दातांत साठवतं. १९५८ च्या अखेरीस सेंट लुइसमध्ये शास्त्रज्ञ आणि नागरिकांच्या समितीने लोकांना विनंती केली, की मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. काम डॉ. लुईझ राइस यांच्याकडे होतं. एरवी अमेरिकेत पोरं पडलेला दात उशीखाली ठेवतात. इथे आया तो पाकिटात घालून माहितीच्या कार्डासह पोस्टात टाकत होत्या, आणि मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असं लिहिलेला बिल्ला मिळत होता. १९७० पर्यंत सुमारे तीन लाख दात जमले. १९५० मध्ये जन्मलेल्यांपेक्षा १९६३ च्या आसपास जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम सुमारे पन्नासपट निघालं.

१ नोव्हेंबर १९६१ ला साठेक शहरांत हजारो बायका घरकाम सोडून रस्त्यावर आल्या. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या डॅगमार विल्सन त्यांच्या पुढाऱ्यांत होत्या. मागणी साधी होती, चाचण्या थांबवा. पुढच्या वर्षी डिसेंबरात संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवायां’च्या समितीने त्यांना चौकशीला बोलावलं, तेव्हा त्या कडेवर पोरं आणि हातात फुलं घेऊनच गेल्या आणि प्रत्येक साक्षीदाराचं स्वागत केलं. समितीचं हसं झालं. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातल्या चाचण्या बंद करणारा करार मॉस्कोत झाला. घरात बसलेल्या, समाधानी म्हणवल्या गेलेल्या बायकांचा त्यात वाटा आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्या दिसल्याच नाहीत.

राहता राहिला घटस्फोट. युद्धानंतरच्या लाटेनंतर प्रमाण उतरलं होतं, हे बरोबर. तरी १९५० मध्ये जवळजवळ ३ लाख ८५ हजार घटस्फोट झाले. आणखी का झाले नाहीत, त्यात कायद्याचा हात होता. न्यूयॉर्क राज्यात १९६६ मध्ये कायदा बदलेपर्यंत व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय घटस्फोट नसे, म्हणून लोक हॉटेलच्या खोलीत ठरवून फोटो काढून घेत. ज्यांच्याकडे पैसे होते ते नेव्हाडातल्या रीनो गावी जात. तिथे सहा आठवडे मुक्काम केला की अर्ज करता येई, आणि या पाहुण्यांसाठी आसपासच्या रँचवर राहण्या-जेवण्याची खास सोय होती. कुणाचाही दोष सिद्ध न करता वेगळं होऊ देणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, ज्यांचा स्वतःचा पहिला संसार १९४९ मध्येच मोडला होता.