माझ्याकडे तर चालतंय

सोसायटीच्या नोटिशीत मी लिहिलं, 'पायऱ्यांवर चपला ठेवू नयेत'. पडद्यावर ठीक, पीडीएफ केली की 'पायर्यांवर', 'या'च्या डोक्यावर रफार. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. म्हटलं, कळवू.

कळवायला आधी खातं उघडा. मग आवृत्ती, फॉन्ट, काय केल्यावर काय होतं... सगळं इंग्रजीत. काल उत्तर आलं: 'माझ्याकडे तर चालतंय.' सोबत पुरावा म्हणून चित्र. चित्रात तोच रफार, दिमाखात!

हे मी शेजारच्या अण्णांना सांगायला नको होतं. अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त. त्यांनी नोटीस उजेडात धरली, मग खिशातून शंभराची नोट काढून नखानं भाषांची पट्टी दाखवली.

"पंधरा भाषा आहेत. ही मराठी. 'शंभर रुपये'. इथं अनुस्वार उडाला असता, तर साहेबानं 'माझ्याकडे चालतंय' म्हटलं असतं?"

"अण्णा, ती माणसं फुकट काम करतात हो. परवान्यातच लिहिलेलं असतं, कसलीही हमी नाही."

"आणि इथं गव्हर्नर सहीनिशी वचन देतो! यांचा मालक कोण?"

"कुणीच नाही. सगळ्यांचंच."

"म्हणजे आपली गच्ची. म्हणून गळतंय."

मी इतिहास काढला. 25 ऑगस्ट 1991 ला लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स या अशाच फुकट संगणकप्रणालीची पहिली वर्दी दिली, तेव्हा सूचना मागवल्या आणि त्या अमलात आणीनच असं वचन देत नाही, हेही तिथंच सांगून टाकलं.

"हुशार आहे," अण्णा म्हणाले.

हसू आलं, पण राग जात नाही. हीच तक्रार आधीही कुणीतरी केलेली सापडली. ती बंद. माणसानं नाही, यंत्रानं. कितीतरी प्रकल्पांत 60 दिवस कुणी काही बोललं नाही की यंत्र तक्रारीवर 'शिळी' असा शिक्का मारतं आणि आणखी 7 दिवसांनी कुलूप घालतं. चूक ताजीच असते, तक्रार तेवढी शिळी. फुकट राबणाऱ्याला जाब कसा विचारायचा, हे मान्य. पण ज्याला 'ऱ्या' वाचता येतो त्याला तो फॉर्म झेपत नाही, आणि फॉर्म वाचणाऱ्याला 'ऱ्या' दिसत नाही. मग सूचना मागवता कशाला?

"पत्ता दे," अण्णा म्हणाले. "स्पीड पोस्टानं पाठवतो, पोचपावतीसकट."

"त्यांना ऑफिसच नाही, अण्णा."

"बरं. मग दौऱ्यावर कधी येतात?"